दिमडीनं घेतला इंग्रजीचा तास

मी दिमडी बोलतेय, अणदूरच्या वैजनाथ वाघ्याची. जरा थांबा, माझी छाती अजून धडधडतेय! खंडोबाच्या जागरणाशिवाय जिला कुणी बोट लावलं नव्हतं, तिनं काल नळदुर्गच्या शाळेत इंग्रजीचा तास घेतला. आता काय म्हणावं!

वैजनाथच्या वडिलांनी, गोरोबांनी, मला मढवून घेतलं. लाकडाचं कडं, वर ताणलेलं कातडं, एवढाच माझा जीव. घराची रीत मोठी कडक. दिमडी एकदा पोटापाण्याच्या कामाला लागली, की परत देवापुढं न्यायची नाही.

आणि वैजनाथची लेक हर्षाली मलाच मागून बसली! तिला मास्तरीण व्हायचंय. पण इंग्रजी सपाट बोलता म्हणून एका शाळेनं तिला परत धाडलेलं.

"आबा, इंग्रजी शब्दात एका जागी जोर असतो, बाकीचं हलकं. दोन शब्द जोडून एक झाला, तर बहुतेक वेळा जोर पहिल्यावर. पोरांना सांगून कळत न्हाय, वाजवून कळंल. नोकरी द्यायच्या आधी नळदुर्गच्या शाळेत परीक्षेचा एक तास घ्यायचाय. दिमडी द्या."

वैजनाथनं देव्हाऱ्याकडं बघितलं. मी तर गारच पडले!

"एका तासाचं देव माफ करील," तो शेवटी म्हणाला. "पर म्या संगं येणार." मला फडक्यात गुंडाळून त्यानंच नेलं, वर्गात दिलं आणि बाहेर व्हरांड्यात बसला.

हर्षालीनं पहिली थाप मारली मात्र, अख्खा वर्ग ओरडला, "येळकोट येळकोट जय मल्हार!" खंडोबाच्या गावची पोरं ती, दुसरं काय करणार? तेवढ्यात व्हरांड्यातून वैजनाथचा खणखणीत आवाज, "सदानंदाचा येळकोट!" अगं बाई! मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

मुख्याध्यापिका मोनिका मॅडम ताडकन उठल्या. "शाळा आहे का जागरण? कोण तो माणूस?"

हर्षाली माहीत नाही म्हणाली असती, तर सुटली असती.

"माझे आबा आहेत, मॅडम. ताल मी त्यांच्याकडूनच शिकले."

आणि पोरीनं पुन्हा थाप मारली! "स्कूलबॅग", जोर पहिल्या "स्कूल"वर. "रेनकोट", जोर "रेन"वर. "होटेल" म्हणताना थाप शेवटच्या "टेल"वर सरकली, तसा पोरांचा जोरही तिकडं सरकला. एकही चुकलं नाही. मॅडम उघड्या तोंडानं ऐकत होत्या.

"सोमवारपासून या," त्या म्हणाल्या. "हे वाद्य रोज लागेल."

रोज! म्हणजे पगाराचं काम. मला वाटलं, झालं, आता वैजनाथ मला हिसकावून घरी नेणार. हर्षालीही मान खाली घालून उभी होती.

वैजनाथनं मला कपाळाला लावलं, मग तिच्या हातात ठेवलं. "ने. देवापुढं म्या टाळ्या वाजवीन."

माझं सगळं आयुष्य त्याच्या हातात गेलं, पण असं काही ऐकायला मिळेल असं कधी वाटलं नव्हतं. खंडोबाराया, रविवारी तो तुझ्यापुढं रिकाम्या हातांनी उभा राहील. मी नसेन. त्याच्या टाळ्या तेवढ्या कान देऊन ऐक.