जिन्याखालच्या खोलीतली खुर्ची

मी कोर्टातली खुर्ची बोलतेय. दचकू नका, न्यायाधीशांची नव्हे! जिन्याखालच्या लहानशा खोलीत मोफत कायद्याचा सल्ला मिळतो, तिथली मी. ज्यांना वकील परवडत नाही, ज्यांना आपली बाजू आपणच मांडावी लागते, ती माणसं माझ्यावर बसतात.

सुताराने मला घडवलं ते एका दातांच्या डॉक्टरांसाठी. डॉक्टर थकले, दवाखाना बंद झाला आणि मी इथे आले. तिथे लोक गाल धरून बसायचे, इथे कपाळाला हात लावून बसतात, एवढाच काय तो फरक. बसल्या बसल्या माझे हात घट्ट धरतात. कागद पिशवीतून काढतात, पुन्हा आत ठेवतात. आणि कुणी काही विचारायच्या आतच म्हणतात, "मी काही केलं नाही हो!"

समोर वकीलबाई बसतात. आवाज मऊ, चहा कायम गार झालेला. त्यांनी समजावून सांगायचं, अर्ज लिहून द्यायचा. पण कोर्टात कुणाच्या वतीने उभं राहायचं नाही, असा इथला नियम.

एकदा एक मावशी आली. इस्पितळाच्या कपड्यांना इस्त्री करणारी. बहीण गेल्यावर तिने भाचीला तान्ही असल्यापासून सांभाळलं होतं. आता मुलीच्या बापाने दुसरा संसार मांडला होता आणि त्याला मुलगी परत हवी होती. त्याने नावाजलेला वकील दिला होता.

"साहेब मुलीलाच विचारतील, कुणाकडे राहायचंय म्हणून," वकीलबाई म्हणाल्या. "सांगेल ना ती?"

"घरात तर तिला बडबडी म्हणतो आम्ही. तोंडाला विश्रांती म्हणून नाही. पण बाई..."

"मग झालं तर! तुम्ही फक्त विचारतील तेवढंच बोला. मध्ये बोललं की साहेब चिडतात."

मावशीला आणखी काही सांगायचं होतं. तिची बोटं माझ्या हातांवर आवळली गेली. पण दाराबाहेर माणसं खोळंबली होती. ती उठली.

सुनावणीच्या दिवशी मावशीला गुडघेदुखीमुळे उभं राहवेना, म्हणून शिपायाने मलाच उचलून वर नेलं. न्यायाधीश मुलीला आतल्या खोलीत घेऊन गेले. परत आले ते मान हलवत. "मुलगी एक अक्षर बोलली नाही."

बापाचा वकील लगेच उठला. "साहेब, जिने वाढवलं तिचं नावसुद्धा मुलीच्या तोंडी नाही!"

मावशी अर्धवट उठली आणि मागे वळली. शेवटच्या रांगेत वकीलबाई होत्या. त्यांचे ओठ हलत होते, 'बोला, बोला.' आवाज काढायची त्यांना सोय नव्हती.

"तुम्हाला काही सांगायचंय?" न्यायाधीशांनी विचारलं. चिडून नव्हे, चांगलं विचारलं.

"ती बोलते, साहेब. घरी बोलते. परकं माणूस दिसलं की..." मावशी अडखळली. पुढचं काही बाहेर पडेना. ती मटकन खाली बसली. तिचा थरकाप माझ्या चारही पायांत उतरला, पण मी लाकूड. काय करणार?

तूर्त मुलगी बापाकडे गेली. मावशीला महिन्यातून एका शनिवारी भेट, तीही कोर्टाच्याच आवारात.

"माझं चुकलं का हो, बाई?" मावशीने खाली आल्यावर विचारलं.

"नाही. मीच तुमचं पुरतं ऐकून घेतलं नाही," वकीलबाई म्हणाल्या. "आपण अपील करू." आणि कितीतरी वेळ त्या पेनाचं टोपण काढत नि लावत राहिल्या.

ती भेट आमच्याच खोलीत होते. मुलगी माझ्यावर पाय हलवत बसते आणि बोलत सुटते! नव्या घराच्या मागे एक लंगडी मांजर येते, तिला दूध दिलं की ती आधी शिंकते, वर्गातल्या मुलीने हिचा खोडरबर खाल्ला. मावशी तिच्या केसांचा गुंता सोडवत हसते. वकीलबाई मुद्दाम दार उघडं ठेवतात, पण वरच्या मजल्यावर काही ऐकू जात नाही. मग दारात बाप येतो. "चल," म्हणतो. तसा वाईट दिसत नाही तोही. मुलीचं वाक्य तिथेच तुटतं. ती खाली उतरते आणि मुकाट्याने त्याच्यामागून निघते.

अपिलाची तारीख अजून लागलेली नाही.

माझी एक पट्टी आता निखळलीय. एक दिवस मलाही अडगळीत टाकतील. तोवर तुमच्यावर कधी ही खोली गाठायची वेळ आलीच, तर माझ्यावर टेकून बसा. आणि दाराबाहेर कितीही माणसं खोळंबली असोत, तुमचं बोलणं पुरं झाल्याशिवाय उठू नका.