दुसऱ्या पार्टिशनमधली वंशावळ

बसवनगुडीत मी ज्यांच्या माडीवर भाड्याने राहते, त्या नरसिंहरावांचा कॉम्प्युटर बंद पडला आणि तो चालू करायला अर्थातच मला खाली बोलावलं. पुण्याची आहे, आयटीत आहे, एकटी राहते, म्हणजे रविवारी स्मिताला दुसरं काय काम असणार. मी एका कंपनीचे सर्व्हर सांभाळते. लोकांना वाटतं, सर्व्हर सांभाळणारा माणूस मिक्सरसुद्धा दुरुस्त करतो.

सगळी गल्ली नरसिंहरावांना अण्णा म्हणते आणि त्यांच्या बायकोला, अनुसूयाबाईंना, अक्का. मीही तेच म्हणते. त्यांचं घराणं शहाजीराजांच्या काळात इकडे कानडी मुलखात आलं आणि इथलंच झालं. ही गोष्ट मला घर बघायला आले तेव्हाच सांगण्यात आली. पाण्याची मोटर कधी लावायची ते नंतर कळलं.

अण्णा सरकारी कचेरीतून निवृत्त झाले आणि तेव्हापासून घराण्याची वंशावळ जमवत बसले. गावोगावचे उपाध्ये, देवळांचे पुजारी, दूरच्या आत्या, सगळ्यांकडून नावं गोळा केली. अण्णांना स्वतःला टायपिंग येत नाही. ते खुर्चीत बसून नावं सांगायचे आणि अक्का टाइप करायच्या. स्वयंपाक आटोपला की अक्कांची ही दुसरी पाळी सुरू व्हायची. वर खिडकीत बसले की मला अण्णांचा आवाज ऐकू यायचा, "काना राहिला. आंधळी आहेस काय." अक्कांचा आवाज कधी ऐकू आला नाही.

या वंशावळीची प्रत कुठेही नव्हती. कारण बिंदुमाधव. हे अण्णांचे हुबळीचे चुलतभाऊ. त्रिविक्रमपंत नावाच्या कुणा पूर्वजाला दोन मुलगे होते. त्यातल्या थोरल्याची पाती आमची, असं अण्णा म्हणतात, आणि आमची, असं बिंदुमाधव म्हणतात. त्या दोघा मुलग्यांची हाडंसुद्धा आता उरलेली नसतील, पण भाऊबंदकीला हाडं लागत नाहीत. बिंदुमाधवाच्या हाती काही लागू नये म्हणून अण्णांनी टाइप करून झालेला प्रत्येक कागद न्हाणीच्या चुलीत घातला. प्रिंट काढली नाही, कारण दुकानदार बघेल. पुढच्या रविवारी कुळाचा मेळावा होता. तिथं सगळ्या भाऊबंदांसमोर अण्णा आपली वंशावळ पडद्यावर दाखवणार होते आणि बिंदुमाधवाचं तोंड कायमचं बंद करणार होते. आणि नेमका आठवडाभर आधी कॉम्प्युटर रुसला.

मी पेनड्राइव्ह लावला आणि त्याच्यावरूनच मशीन चालू केलं. जुन्या कॉम्प्युटरचं दुखणं बहुतेक वेळा वरवरचं असतं. सिस्टिम खराब झालेली असते, डिस्क शाबूत असते. इथंही तेच होतं. डिस्कचं चित्र दाखवणारा प्रोग्राम उघडला तर एक आडवी पट्टी दिसली, मधोमध दोन तुकडे केलेली. डाव्या तुकड्यात मेलेलं विंडोज. उजव्यात एक फोल्डर, त्याचं नाव 'वंशावळ'.

अण्णांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, त्यावर पट्टी. दुसऱ्या डोळ्यानं त्यांना खिडकी आणि माणूस एवढाच फरक कळत होता. तरी ते स्टुलावर माझ्या खांद्याला खेटून बसले. डी ड्राइव्हला हात लावायचा नाही, मशीन बसवून देणाऱ्यानं सांगितलं होतं की सी जातं, डी कधी जात नाही, असं त्यांनी मला बजावलं. हा समज अख्ख्या देशात आहे. मी समजावलं की सी आणि डी ही नुसती नावं आहेत. डिस्क एकच आहे, मधे भिंत घालून दोन खोल्या केल्यात, घराला आग लागली तर ती भिंत विचारत नाही. शिवाय नवीन सिस्टिम घालताना सी, डी अशी अक्षरं दिसतही नाहीत. म्हणून आधी सगळं दुसऱ्या डिस्कवर कॉपी करायचं, मगच डाव्या खोलीला हात लावायचा. माझी छोटी डिस्क मी टेबलावर ठेवली आणि म्हटलं, कॉपी झाली की ही तुमच्याच कपाटात ठेवा, मला परत नको.

अण्णा नाही म्हणाले. बिंदुमाधवाची सून माझ्यासारखीच आयटीत आहे, आणि आयटीतल्या बायका एकमेकींना काय काय पाठवतात कोण जाणे. मी डिस्क तुमचीच म्हणते आहे, हे पुन्हा सांगितलं. त्यावर ते म्हणाले, "प्रत काढली की एकाची दोन होतात. दोन झाली की भांडण."

मला राग आला. येतोच मला. मी म्हटलं, कॉपी नाही तर मी हात लावणार नाही. मग त्यांनी सूर बदलला. मला मुलगी म्हणाले, अक्कांना कॉफी करायला सांगितली, आणि नुसतं डोळ्यांनी बघून घे, किती मोठं काम आहे ते, म्हणून फाईल उघडायला लावली. मी उघडली. नावांचं एक अफाट झाड होतं ते. मूळपुरुष पिराजीपंत, तिथून फांद्या, पोटफांद्या, दत्तक, तळटिपा. कुणी म्हणो काही, अण्णांनी कष्ट केले होते. टायपिंग तर इतकं नेटकं होतं की मला आमच्या ऑफिसची लाज वाटली. अगदी खाली, शेवटून दुसऱ्या ओळीत, 'नरसिंहराव' होतं. त्याच्याखाली लिहिलं होतं, 'संतती नाही'.

मी मागे वळून बघितलं. अक्का कॉफीचे पेले घेऊन दारात उभ्या होत्या. या घराला एक मुलगी आहे, हर्षिता, हे मला ठाऊक होतं. तिने देवनहळ्ळीच्या शिवकुमारशी लग्न केलं. मुलगा चांगला, जात दुसरी. तेव्हापासून तिला या घराचं दार बंद आहे. तिला बाळ झालं तेव्हा अक्कांना जाऊ दिलं नाही, फोनसुद्धा करू दिला नाही. गच्चीवर कपडे वाळत घालताना अक्कांनी मला हे एवढंच सांगितलं होतं, तेही कपड्यांकडे बघत.

मी विचारलं, अण्णा, ही ओळ चुकली आहे का? ते हसले. चुकलेली नाही, दुरुस्त केलेली आहे, म्हणाले. किडकी फांदी छाटल्याशिवाय झाड वाढत नाही. आणि छाटली कुणी, हेही त्यांनीच मोठ्या कौतुकाने सांगितलं. "हिलाच बसवलं. म्हटलं, तू लिहिलंस, तूच काढ. मग म्हटलं, आता लिही, संतती नाही. दोनदा चुकली. तिसऱ्यांदा बरोबर लिहिलं."

अक्कांनी पेला माझ्या हातात दिला. त्यांनी मला फक्त एक प्रश्न विचारला. "हे पुसलं गेलं, तर परत येतं की नाही?"

मला वाटलं, बिचारी नवऱ्याच्या कामाच्या काळजीने विचारते आहे. मी सविस्तर सांगितलं. मी शिकवायला लागले की थांबत नाही. पार्टिशन चुकून उडालं तर घाबरायचं नाही, तेव्हा फक्त भिंत पडते, खोलीतलं सामान जागेवर असतं, माझ्यासारखं कुणीतरी ते काढून देतं. याच प्रोग्राममध्ये फॉरमॅटचे दोन प्रकार आहेत. झटपट केलं तरी वाचवता येतं. पण हा दुसरा, सावकाश चालणारा, तो सगळ्या डिस्कवर शून्यं लिहीत जातो. तो एकदा पुरा झाला की ब्रह्मदेव आला तरी काही मिळत नाही. म्हणून याच्याकडे बघायचंसुद्धा नाही. हे सगळं मी त्यांना स्क्रीनवर बोट ठेवून दाखवलं.

"सरी," अक्का कानडीत म्हणाल्या, म्हणजे बरं.

तेवढ्यात ऑफिसचा फोन आला. आमचा एक सर्व्हर झोपला होता. मी अण्णांना सांगितलं, मी वर जाऊन येते, तोवर कशालाही हात लावू नका, आल्यावर कॉपीचं ठरवू. कॉपीचं काही ठरवायचं नाही, सिस्टिम घाल आणि मोकळी हो, असं ते माझ्या पाठीमागून म्हणत राहिले. जिना चढताना मला ऐकू आलं, आता ते अक्कांना म्हणत होते, बसलीस काय ठोंब्यासारखी, त्या पोरीला जमतं ते तुला इतक्या वर्षांत जमत नाही.

माझा सर्व्हर बराच वेळ उठला नाही. खाली आले तेव्हा उन्हं कलली होती. अण्णा खुर्चीत मान मागे टाकून समाधानाने बसले होते. टेबलाखाली डिस्क एकसारखी घरघरत होती. अक्का कॉम्प्युटरसमोर होत्या, हात मांडीवर. स्क्रीनवर त्या आडव्या पट्टीचे दोन तुकडे नव्हतेच. सबंध पट्टी एक झाली होती आणि खाली पुसण्याचं काम निम्म्याहून पुढे सरकलं होतं. तो दुसरा प्रकार. सावकाश.

माझा हात माऊसकडे गेला. अजून थांबवलं असतं तर शेपटीकडचं काही कदाचित हाती लागलं असतं. अक्कांनी माझं मनगट धरलं. जोर फार नव्हता, मला सहज सोडवता आलं असतं.

"सिस्टिम घालणं चाललंय ना गं?" अण्णांनी विचारलं.

मी अक्कांकडे बघितलं आणि म्हटलं, चाललंय. लोक मला नंतर म्हणाले की एवढं मोठं काम तू डोळ्यादेखत जाऊ दिलंस. हो, दिलं. ज्या बाईकडून तिचीच मुलगी पुसून घेतली, तिचं मनगट झटकून मी त्या माणसाची पाती थोरली करायला बसले नव्हते.

डिस्क घरघरत होती तोवर अण्णा बोलत होते. मेळाव्यात कोणती शाल घ्यायची, बिंदुमाधवाला पहिल्या रांगेत कसं बसवायचं, पडदा उजळला की त्याचा चेहरा कसा होईल आणि तो चेहरा कसा झाला हे आपल्याला दिसणार नाही तर अक्कांनी कसं सांगायचं. अक्का प्रत्येक वाक्याला "हं" म्हणत होत्या. मी इतकी वर्षं यंत्रांशी बोलते आहे, पण असा थंड आवाज मी कुठल्या यंत्राचाही ऐकलेला नाही.

घरघर थांबली. अक्का उठल्या, अण्णांच्या खुर्चीजवळ गेल्या आणि हवामान सांगावं तसं सांगितलं, "सगळं पुसलं. मीच पुसलं. परत येत नाही, स्मितानं सांगितलंय."

अण्णांना आधी ते खोटं वाटलं. त्यांनी मला विचारलं, मी खरं सांगितलं. मग ते जे बोलले ते मी लिहिणार नाही, त्यात नवीन काही नव्हतं. त्यांनी हात उगारला, पण अक्का नेमक्या कुठे आहेत ते त्यांना दिसेना. हात हवेतच फिरला आणि खुर्चीच्या दांड्यावर आपटला. मग ते रडायला लागले. माणूस रडतो तेव्हा मला सहसा वाईट वाटतं.

रडणं सरलं आणि हिशेबी डोकं जागं झालं. सुंभ जळतो, पीळ जात नाही. तुला पाठ असणार, ते अक्कांना म्हणाले. तूच टाइप केलंस, एकेक नाव तीन तीन वेळा तपासलंस. मला वरची चार नि खालची चार आठवतात, मधली तू सांग, स्मिता लिहून घेईल, अजून आठवडा आहे. आवाज इतका मऊ झाला होता की त्यांनाच तो परका वाटला असेल.

अक्का म्हणाल्या, "आधी हर्षिताला फोन करा. मेळाव्याला ये म्हणा, जावयाला आणि बाळाला घेऊन. मग बोलू."

बिंदुमाधव आणि हर्षिता ही दोन पारडी अण्णांच्या डोक्यात वरखाली होताना मला दिसत होती. शेवटी त्यांनी फोनसाठी हात पुढे केला. अक्कांनी फोन घेतला, न बघता नंबर लावला आणि त्यांच्या हातात दिला. ज्या नंबरला फोन करायला बंदी होती, तो त्यांच्या बोटांना पाठ होता.

अण्णा फोनवर चांगलं बोलले. झालं गेलं विसर म्हणाले, बाळाला बघायचंय म्हणाले, डोळ्यांचंही सांगितलं. पलीकडून हर्षिताचं रडणं मला इतक्या लांबून ऐकू येत होतं. मेळाव्यापर्यंत कशाला थांबू, आत्ताच निघते, मिळेल त्या बसने येते, असं ती म्हणाली. अण्णांनी बरं म्हटलं. एकदाही त्यांनी तिला वंशावळीचं सांगितलं नाही. फोन मांडीवर ठेवला, घसा साफ केला आणि मला कागद घ्यायला लावला.

"हं. आता सांग. त्रिविक्रमपंतांचे थोरले कोण?"

"मला काय माहीत," अक्का म्हणाल्या. "तुम्ही सांगत होता, बोटं टाइप करत होती. काना, मात्रा तेवढे बघत होते. तुमची माणसं मी कधी वाचलीच नाहीत. एकच नाव वाचलं होतं, ते काढताना."

अण्णांचा चेहरा मी नीट बघितला. मेळाव्यात बिंदुमाधवाचा जसा चेहरा व्हावा असं त्यांना वाटत होतं, तसा आता त्यांचा झाला होता. मग ते मांडीवरचा फोन चाचपडू लागले. हर्षिता अजून निघाली नसेल, तिला येऊ नको म्हणायला हवं होतं. पण त्यांना आकडे दिसत नव्हते आणि नंबर लावून द्यायला आम्हा दोघींपैकी कुणीही उठलं नाही.