बसला ‘हो’ म्हणणारं गाव

आमच्या बेल्डन गावातले लोक एकमुखाने ‘हो’ म्हणाले की हल्ली माझा त्यावर भरवसा बसत नाही. पूर्वी असं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी याच लोकांनी ‘हो’ म्हणावं म्हणून मी दारोदार फिरून जोडे झिजवले होते. मी रोंडा. बावीस वर्षं या गावची बस चालवते, आणि तोंडाने जरा फटकळ आहे, हे आधीच सांगून ठेवते.

जोडे झिजवले ते ऑर्व्हिलसाठी. वय एक्याऐंशी, नजर अधू, गाडीचा परवाना केव्हाच काढून घेतलेला. त्यांची बायको इंगा डनमोरच्या वृद्धाश्रमात, नदीच्या काठाकाठाने चाळीस मिनिटांवर. इंगाला आता काही आठवत नाही, नवराही आठवत नाही. पण घास घेते तो फक्त त्यांच्याच हातून. तिथल्या बायांनी चमचा पुढे केला की ओठ घट्ट मिटून घेते. ऑर्व्हिल सकाळच्या बसने जायचे, दुपारचं जेवण भरवायचे आणि साडेतीनच्या शेवटच्या बसने परत यायचे. रात्रीचं जेवण तिथे पाचला. म्हणजे ती बाई रोज उपाशी झोपायची. निघताना बसच्या पायरीवर एक पाय ठेवून ते रोज विचारायचे, “पोरी, आज जरा उशिरा नाही का निघता येणार?” आणि मला रोज नाही म्हणावं लागायचं.

संध्याकाळची बस हवी तर पैसा हवा, आणि पैसा हवा तर गावाचा विक्रीकर वाढायला हवा. शंभर डॉलरच्या खरेदीवर तीस सेंट जास्त, एवढीच गोष्ट. ते गावाने मत देऊन ठरवायचं होतं. मी सुट्टीच्या दिवशी घरोघर गेले, इंगाची हकिगत सांगितली. लोकांनी कॉफी दिली, डोळे पुसले. अंगणाअंगणात ‘बसला हो म्हणा’ अशा पाट्या लागल्या. कोपऱ्यावरची डोरीन तर इतकी रडली की मलाच तिला समजवावं लागलं.

उघडपणे विरोधात एकटा वेंडेल. हार्डवेअरचं दुकान चालवतो, शाळेत माझ्याच वर्गात होता. तो म्हणाला, “रोंडा, लोक मत देतील गं. कर नाही देणार. पूल आहे ना.”

पूल म्हणजे कोलंबिया नदीवरचा. आम्ही वॉशिंग्टन राज्यात, पलीकडचा काठ ओरेगनचा. ओरेगनमध्ये विक्रीकर हा प्रकारच नाही. वेंडेलला काय म्हणायचंय ते मला कळलं होतं, पण ऐकून घेईन ती मी कसली! भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, मी त्याला चिकट म्हणाले, काळजाच्या जागी खिळ्यांचा डबा आहे म्हणाले. तो पुढच्या गिऱ्हाइकाचे खिळे मोजायला लागला.

मोजणी झाली तेव्हा दहांतल्या सात जणांनी ‘हो’ म्हटलेलं. आम्ही डेपोत केक कापला. एप्रिलमध्ये संध्याकाळची बस सुरू झाली. पहिल्या दिवशी परतताना ऑर्व्हिल माझ्या मागच्याच सीटवर बसले. मग म्हणाले, “अख्खा वाडगा सूप संपवलं तिने.” मला समोरचा रस्ता नीट दिसेना.

पण आमची बस पुलाच्या तोंडाशी सिग्नलला थांबते. ड्रायव्हरची सीट उंच, सगळं दिसतं. ओरेगनकडून येणारी वाहनं बघायची नाहीत म्हटलं तरी दिसतात. कुणाच्या टपावर सोफा, कुणाच्या मागे टीव्हीचं खोकं. आणि खोक्याच्या खाली, बंपरवर, ‘बसला हो म्हणा’चं स्टिकर! पुलाचा टोल तीन डॉलर, पेट्रोल वेगळं. दोन उशांचा कर वाचवायला माणसं पूल ओलांडत होती. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. एके दिवशी डोरीन टपावर गादी बांधून आली. मी खिडकी उघडून म्हटलं, काय गं, ही गादी बेल्डनमध्ये मिळत नाही? ती जरासुद्धा न वरमता म्हणाली, “अगं, मी मत दिलंय ना!”

मत दिलं! बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात. त्यात इंगाचं पोट कसं भरायचं?

दीड वर्षाने वाहतूक मंडळाने कळवलं की कराची जमा अंदाजाच्या जवळपासही नाही, संध्याकाळची बस बंद करावी लागेल. त्याआधी ग्रंथालयाच्या हॉलमध्ये जाहीर सुनावणी ठेवली. ज्याला बोलायचंय त्याला तीन मिनिटं. ऑर्व्हिल पहिल्या रांगेत, टोपी मांडीवर घेऊन बसले होते.

माझी तीन मिनिटं मी वाया घालवली नाहीत. टपावरचे सोफे काढले, गाद्या काढल्या, टीव्ही काढले. डोरीनकडे बघून म्हटलं, रडायला पैसे पडत नाहीत म्हणून सगळे रडलात. पूल ओलांडताना प्रत्येक जण त्या म्हातारीच्या तोंडचा घास घेऊन जातोय. तर लोकांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांनी! डोरीननेही. प्रत्येकाला वाटत होतं मी शेजारच्याबद्दलच बोलतेय. असा संताप आला म्हणून सांगू.

मग वेंडेल उठला. आवाज चढवला नाही, टोमणा मारला नाही.

“रोंडा, तुझं नवीन वॉशिंग मशीन चालतंय ना नीट?”

मी म्हटलं, चालतंय.

“त्याचा पाइप आखूड पडत होता, म्हणून लांब पाइप तू माझ्याकडून नेलास. मशीन कुठून आणलं होतंस?”

मला खोटं बोलता आलं असतं, पण ऑर्व्हिलनी मान वळवून माझ्याकडे बघितलं.

“पलीकडून,” मी म्हणाले.

खरंच सांगते, आणताना मनाला काहीसुद्धा टोचलं नव्हतं. मी बससाठी एवढी राबले, एका मशीनने काय मोठं बिघडतंय, असं वाटलं होतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. वेंडेल खाली बसला. जिंकल्यासारखा दिसत नव्हता, नुसता दमलेला दिसत होता.

बाहेर आल्यावर ऑर्व्हिलनी माझा हात धरला. म्हणाले, “मनाला लावून घेऊ नकोस, पोरी. माझा हा कोटही तिकडचाच आहे.” त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

त्या महिन्याअखेर संध्याकाळची बस बंद झाली. आता सोमवारी आणि गुरुवारी माझी पाळी लवकर संपते, तेव्हा मी त्यांना माझ्या गाडीने नेते. त्या दोन दिवशी इंगा रात्री जेवते. बाकीच्या दिवशी मला साडेतीनची बस घेऊन परतावं लागतं आणि मग साडेसहापर्यंत गावातल्या फेऱ्या असतात. अजूनही ऑर्व्हिल निघताना पायरीवर एक पाय ठेवून क्षणभर थांबतात, वृद्धाश्रमाच्या खिडकीकडे बघतात. मग आत येऊन बसतात. जरा उशिरा निघता येईल का, असं आता ते मला विचारत नाहीत.