दोन रायफली आणि हर्षाचा कौल

नवऱ्याच्या नोकरीमागून हर्षा नेदरलँड्समधल्या ब्रेडाला आली, तेव्हा नागपूरच्या कॉलेजातली एनसीसीची नेमबाजी मागेच राहिली होती. इथे यंत्रांचे सुटे भाग मोजण्याच्या प्रयोगशाळेत तिला नोकरी लागली आणि गावाबाहेरच्या नेमबाजी क्लबात विल्माबाई भेटल्या. सत्तरीच्या, काटक, कमी बोलणाऱ्या. त्यांनीच हर्षाला पुन्हा रायफल धरायला लावली.

यंदा क्लबाला नव्या सभासदांसाठी एक सेमी-ऑटोमॅटिक रायफल घ्यायची होती. चाप ओढला की गोळी सुटते आणि पुढचं काडतूस आपोआप नळीत चढतं, अशी. दुकानदाराने दोन कंपन्यांच्या रायफली चाचणीला दिल्या, एक जर्मन, एक झेक. अध्यक्ष हेंक पहिल्या नजरेतच जर्मन रायफलीवर भाळले होते. तरी ते म्हणाले, "हर्षा, मोजमाप तुझं काम. तू सांग."

शनिवारी सकाळी हर्षाने वाळूच्या पिशवीवर जर्मन रायफल टेकवली. अक्रोडाचा दस्ता आणि पोलाद यांच्या सांध्यात नखसुद्धा शिरेना. चाप असा अलगद सुटला, की गोळी गेली तेव्हा ती स्वतःच दचकली. टार्गेटवरची पाचही भोकं एका युरोच्या नाण्याखाली झाकली गेली.

"काय बनवलीय!" तिच्या तोंडून मराठीच निघालं.

झेक रायफलीचा दस्ता प्लॅस्टिकचा, आतल्या बाजूला हत्याराचे ओरखडे तसेच. तिची भोकं झाकायला कॉफीच्या कपाचं बूड लागलं.

"ठरलंच की," हर्षा म्हणाली.

"ही भारी काडतुसं होती," विल्माबाई म्हणाल्या. "नवी माणसं क्लबातली स्वस्त वापरतात. ती घाल."

स्वस्त काडतुसांनी जर्मन रायफल रुसली. भोकं पांगली, रिकामं काडतूस बाहेर पडायच्या खाचेतच अडकलं. हर्षाने ती उघडून पुसली, पुन्हा चालवली. पुन्हा तेच. झेक रायफल मात्र दिलं ते गिळत गेली आणि कपाच्या बुडाबाहेर एकही गोळी पडली नाही.

संध्याकाळी समितीपुढे हर्षाला डचमध्ये बोलायचं होतं. क्रियापदं चुकत होती, कान तापले होते, पण तिने दोन्ही रायफलींची टार्गेटं टेबलावर पसरली आणि झेक रायफलीचं नाव घेतलं.

हेंकचा चेहरा पडला. "स्वतःसाठी कुठली घेशील?"

"जर्मन," हर्षा क्षणाचाही विचार न करता म्हणाली. "तिच्या लायकीची काडतुसं घालून. पण शिकणाऱ्याची गोळी चुकली, तर ती त्याची चूक की रायफलीची, हे त्याला कळायला हवं. झेक रायफल कुणालाही बुचकळ्यात टाकणार नाही."

हेंक मोठ्याने हसले आणि त्यांनीच पहिला हात वर केला.

झेक रायफल क्लबात आली, त्या दिवशी हेंक तिच्यामागे आडवे झाले. एकामागून एक गोळ्या सुटत राहिल्या, कुठे म्हणून अडखळ नाही. शेवटी त्यांनी दुर्बिणीतून टार्गेट पाहिलं आणि दस्त्यावर थोपटलं.

"दिसायला ओबडधोबड आहे," ते म्हणाले, "पण पोरगी गुणाची आहे. हर्षा, अजून एक मॅगझिन भर बघू."