मधल्या सुट्टीची घंटा

माघाचे उतरते ऊन. उसाच्या रुपेरी तुऱ्यांवर झुलणारे, गुऱ्हाळांच्या धुराने गोडावलेले, नदीच्या पाण्यावर अंग टाकून पहुडलेले सुवर्णसावळे ऊन. कऱ्हाडाला कृष्णा एका अंगाने येते, कोयना दुसऱ्या अंगाने येते; दोघी समोरासमोर येऊन एकमेकींच्या गळ्यात पडतात, आणि मग मिळून पूर्वेची वाट धरतात.

त्या संगमापासून पाच मिनिटांवर एक दुमजली घर होते. घराच्या वरच्या खोलीत हेच ऊन रोज तीनला खिडकीतून येई, पलंगाच्या पायथ्याशी बसे, आणि पाचला उठून जाई. द्वारकाने सात महिने त्याचे येणेजाणे पाहिले होते. उन्हालाही सुटण्याची वेळ आहे, तिच्या मनात येई. आपल्याला नाही.

पलंगावर मनोरमाबाई खर्डेकर होत्या. वय ब्याऐंशी. तीस वर्षे शाळेच्या मुख्याध्यापिका. ज्यांच्या पावलांच्या नुसत्या चाहुलीने वर्गच्या वर्ग गप्प होत, त्या बाई. अर्धांगवायूने उजवे अंग नेले, वाणी नेली. उरले दोन तेजाळ डोळे, उरला एक डावा हात. आणि त्या हाताशी उरली एक पितळी घंटा, निवृत्तीच्या दिवशी शाळेने दिलेली. शाळेत तास कुणीही वाजवो, मधल्या सुट्टीची घंटा मात्र बाई स्वतः देत, शेवटचे मूल बाहेर पडेपर्यंत. शिक्षक वर्ग सोडायला एक मिनिट उशीर करी, तर त्या दारात जाऊन उभ्या राहत. मुलांची सुट्टी मुलांची आहे, एवढेच म्हणत.

आता त्या घंटेने द्वारकाला हाक मारली जाई. एक ठोका पाण्याचा. दोन ठोके कुशीचे. तीन ठोके भांड्याचे.

पाटण खोऱ्यातल्या एका डोंगरगावातून आलेली द्वारका शेडगे पन्नाशीची होती; रुंद हाडाची, मंद चालीची, थोड्या बोलण्याची. 'चोवीस तासांची बाई' म्हणून तिला ठेवले होते, आणि चोवीस म्हणजे चोवीसच. दर दोन तासांनी बाईंची कूस बदलायची. गुडघ्यांच्या मध्ये उशी, टाचा अधांतरी, पाठीखालची चादर तळ्यातल्या पाण्यासारखी सपाट. चादरीची एक सुरकुती राहिली तर कातडीवर लाल डाग उठतो, डागाची जखम होते, आणि जखम मग माणसाला खात जाते, हे तिला पक्के ठाऊक होते. सात महिन्यांत बाईंच्या अंगावर एक डाग उठला नव्हता. त्या निष्कलंक पाठीचा तिला अभिमान होता, आणि तो तिने कुणाला बोलून दाखवला नव्हता.

तिला स्वतःची खोली नव्हती. पलंगाखाली गुंडाळलेली गादी, दारामागे पिशवी, खिडकीच्या गजाला अडकवलेला कंगवा. जेवतानाही तिचा एक कान वरच्या मजल्यावर असे.

मार्गशीर्षात भाच्याच्या लग्नाला तिला एका दिवसाची रजा मिळाली. पंगती उठल्या, बायका मांडवातच आडव्या झाल्या, आणि शेजारी धाकटी बहीण कमळ घोरू लागली. द्वारकाचाही डोळा लागला. थोड्या वेळाने ती उठून बसली, आणि अर्धवट झोपेत तिने कमळच्या पाठीखाली हात घातला, तिला अलगद कुशीवर वळवले, गुडघ्यांच्या मध्ये कपड्यांचे गाठोडे सारले आणि सतरंजीची सुरकुती तळहाताने सारखी केली.

"आक्के, काय करतीयास?" कमळ डोळे चोळत म्हणाली. "म्या काय हातरुणाला खिळलीया व्हय?"

सगळा मांडव हसला. द्वारकाही हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. बाकीच्यांचे हसू थांबले तरी तिच्या डोळ्यांतले पाणी थांबेना. झोपसुद्धा आपली राहिली नाही, हे तिला त्या हसण्यात कळून चुकले होते. एसटीने परतताना, खिडकीतून मागे पळणारे डोंगर पाहता पाहता, तिने मनाशी एक गोष्ट ठरवली.

दुसऱ्या सकाळी ती सूनबाईंसमोर उभी राहिली. "वहिनी, मला रोज दुपारी तीन ते पाच सुट्टी पायजे."

मृणाल दचकली. "कुठं जायचंय?"

"कुटंच न्हाई. भाईर."

"इथं काही कमी पडतंय का मावशी? तुम्ही तर आमच्या घरच्याच आहात."

मृणाल वाईट नव्हती. बोलायची गोड, सणाला आठवणीने साडी घ्यायची. पण सासूच्या खोलीत एकटीने थांबायची तिला भीती वाटे, आणि ती भीती तिने द्वारकाच्या अंगावर पांघरून ठेवली होती. घरची म्हणावे, तर द्वारकाचा कानतुटका कप अजून वेगळ्या फळीवर होता. तिला राग आला. पण राग तिने गिळला आणि मागणी गिळली नाही.

"बघू," मृणाल म्हणाली. "बघू," मुलगा श्रीनिवासही म्हणाला. पौष 'बघू' म्हणता म्हणता सरला. माघ 'बघू' म्हणता म्हणता निम्मा झाला.

श्रीनिवासचे रंगाचे दुकान दुपारी एकला बंद होई, ते पाचला उघडे. दुकानालाही दुपारची विश्रांती होती. हे द्वारकाच्या ध्यानात आले, तेव्हा तिने मागणे थांबवले आणि शिकवणे सुरू केले. "दादा, या. हात लावा," ती म्हणाली. तो भीत भीत जवळ आला. आईला कशी वळवायची, खांदा कुठे धरायचा, कंबरेखालची आडवी चादर कशी ओढायची. तीन दुपारी तिने त्याला शिकवले. पहिल्या दिवशी तो आईला नुसत्या बोटांच्या टोकांनी धरत होता. "आई हाय तुमची," ती म्हणाली. "काच न्हाई." तिसऱ्या दिवशी त्याने टाचेखालची घडी स्वतः पाहिली आणि स्वतः काढली. बाईंचे डोळे त्या हातांवरून हलले नाहीत.

मग द्वारकाने दोघा नवराबायकोला सरळ सांगून टाकले. "सोमवारपास्नं मी तीनला जाणार. पाचला येणार. जमत नसंल, तर दुसरी बाई बघा. ती येईस्तवर मी थांबीन."

हे ती बाईंच्या पलंगाशेजारीच बोलली, कारण बोलायला तिला दुसरी जागा नव्हती. बाईंनी डोळे मिटून घेतले. नव्या बाईच्या हाताला ही पाठ कशी कळेल? पहिला डाग किती दिवसांत उठेल? पण तोंडातून गेलेला शब्द तिने परत घेतला नाही.

सोमवार आला. ऊन आले. तीन वाजले.

द्वारकाने बाईंची कूस बदलली, डावा हात मोकळा ठेवला, घंटा हाताशी सरकवली. ठेवणीतले हिरवे लुगडे ती आधीच नेसली होती. जिन्यात मृणाल भेटली.

"मावशी, आजचा दिवस राहू द्या. पाहुणे यायचेत. उद्यापासून नक्की."

"न्हाई वहिनी," द्वारका म्हणाली. "आजच."

ती तीन पायऱ्या उतरली, आणि वर घंटा वाजली.

ती थांबली. सात महिने या नादाने तिला जेवणावरून उठवले होते, झोपेतून उठवले होते, नहाणीघरातून ओल्या केसांनी बाहेर काढले होते. दादा न्हाई म्हणाले असते तर ती गेली असती. वहिनी रडल्या असत्या तरी गेली असती. बाईंनीच परत बोलावले तर काय करायचे, हे तिने ठरवले नव्हते. जड मनाने, जड पावलांनी ती माघारी वळली.

घंटा वाजतच होती. एक ठोका नव्हे, दोन नव्हेत, तीन नव्हेत. डावा हात खाली-वर होत होता आणि पितळी नाद खोलीत, जिन्यात, अंगणात, रस्त्यावर सांडत होता. द्वारकाने पाण्याचा पेला पुढे केला. बाईंनी मान हलवली. तिने चादरीला हात लावला. बाईंनी पुन्हा मान हलवली. त्यांचे डोळे द्वारकाकडे पाहत, मग दाराकडे जात, मग पुन्हा तिच्याकडे येत. हात थांबेना.

झोपेतून उठलेला श्रीनिवास विस्कटल्या केसांनी दारात आला आणि तिथेच उभा राहिला. आईच्याच शाळेत शिकलेला पन्नाशीचा तो गृहस्थ क्षणभर अकरा वर्षांचा झाला.

"मृणाल," तो हळूच म्हणाला, "ही मधल्या सुट्टीची घंटा आहे."

घंटा वाजत राहिली.

"जा मावशी," तो म्हणाला. "ही घंटा झाल्यावर कुणी वर्गात थांबलेलं आईला चालत नाही." आणि तो पलंगाशेजारच्या स्टुलावर, द्वारकाच्या स्टुलावर, जाऊन बसला.

द्वारकाने बाईंच्या पायांना हात लावला. मग ती निघाली. ती जिना उतरेपर्यंत घंटा वाजत होती, अंगण ओलांडेपर्यंत वाजत होती. फाटकाची कडी तिने मागे लावली, तेव्हा कुठे घंटा थांबली.

घाटावर संगमाचे पाणी संथ होते, सोनसळी होते. देवळाच्या ओवरीत दगड उन्हाने कोमट झाले होते. द्वारका बसली. काही केले नाही. कुणाची वाट पाहिली नाही. मग लुगड्याचा पदर अंगभर ओढून ती त्या कोमट दगडावर आडवी झाली, हाताची उशी करून, पाण्याकडे तोंड करून.

कृष्णा येत होती. कोयना येत होती. दोघी मिळून पुढे जात होत्या.

पाच वाजायला अजून बराच अवकाश होता. ऊन डोळ्यांवर आले, तशी द्वारकाने सावकाश, आपल्या मनाने, आपल्यासाठी, कूस बदलली.