लाल ठिपक्यापाशी अडलेलं चित्र

जरा कान द्या. टेबलाखालच्या काळ्या डब्यात आडवा पडून बोलणारा मी ग्राफिक्स कार्ड. कॉम्प्युटरवर खेळ खेळताना गाड्या उडतात, ओल्या रस्त्यावर ऊन चमकतं, ते सगळं रंगवायचं माझं काम. निदान जन्म तरी त्यासाठीच झाला होता.

जन्मलो कारखान्यात, पण शहाणा झालो दुकानात. काचेच्या कपाटात बसलं की गिऱ्हाईक आपोआप वाचता येतं. ज्याला घ्यायचं नसतं तो दहा प्रश्न विचारतो. ज्याला घ्यायचं असतं त्याचा एकच प्रश्न असतो, पण तो फिरून फिरून तेच विचारतो. आमचा बेकरीवाला यातला दुसरा. दर खेपेला त्याचं एकच, "शेठ, गाडी अडखळणार नाही ना?"

त्याचा धाकटा भाऊ नोकरीसाठी लांब गेलेला. रविवारी दुपारी दोघं आपापल्या घरून गाड्यांची शर्यत खेळायचे, कानाला हेडफोन लावून गप्पा मारत. पण दादाचा कॉम्प्युटर जुना. धाकटा हसायचा, "दादा, मी चहा पिऊन आलो, तू अजून पहिल्याच वळणावर?"

"हसू दे हो," बेकरीवाला शेठना म्हणाला, "पण हल्ली कंटाळून लवकर उठतो. नुसत्या फोनवर आम्हाला दोन वाक्यं सुचत नाहीत. खेळताना मात्र घरचं, दारचं, सगळं निघतं."

शेठ गोड माणूस. कपाटातलं सगळ्यात महाग कार्ड दाखवलंसुद्धा नाही. "ते तुमच्या डब्यात मावायचं नाही, आणि तुमचा वीजपुरवठा धापा टाकेल. आतली जागा मोजून आणा." बेकरीवाल्याने पीठ लागलेल्या सुतळीवर गाठ मारून माप आणलं. त्या गाठीत मी बरोबर बसलो.

"बसवून देऊ का?"

"छे! भट्टी स्वतः बांधलीय मी. हे काय अवघड!"

खोटं नव्हतं ते. हात पुसून, अंगातली वीज उतरावी म्हणून आधी डब्याच्या पत्र्याला लावून, त्याने मला खाचेत दाबलं. खट् आवाज झाला. स्क्रू पिळला, विजेची तार जोडली, माझा पंखा फिरला. उरली पडद्याची, म्हणजे मॉनिटरची, तार.

डब्याच्या पाठीवर, वरच्या अंगाला, एका भोकाशेजारी नेलपॉलिशचा लाल ठिपका होता. जायच्या आदल्या दिवशी धाकट्याने लावलेला. "दादा, पडद्याची तार इथंच. मी नसताना गोंधळ नको." दादाने ठिपक्यावरून अंगठा फिरवला आणि तार तिथंच खोचली.

माझं भोक खाली, चार बोटांवर. त्यावरचं प्लास्टिकचं टोपणसुद्धा निघालं नाही. ठिपक्याचं भोक डब्यातल्या जुन्या चिपचं, तेव्हा पडद्यावरचं चित्र पहिल्यासारखं तीच काढत राहिली, आणि मी शेजारी पंखा हलवत बसलो.

गाडी अडखळली ती अडखळलीच.

बेकरीवाला अख्खा डबा उचलून दुकानात गेला. शेठनी आपली तार माझ्या भोकात घातली आणि गाडी वाऱ्यावर सुटली. घरी आणला, पुन्हा लाल ठिपका, पुन्हा रखडपट्टी. मग तो संतापून पुन्हा दुकानात गेला.

"दुकानात पळतं आणि घरी लंगडतं? मला काय खुळा समजलात?"

शेठचा चेहरा उतरला. "विश्वास नसेल तर माल ठेवा, पैसे घ्या."

"नकोत मला तुमचे पैसे!"

'घरी येऊन बघतो' हे शब्द शेठच्या ओठापर्यंत आले होते. मी काउंटरवरून पाहिले. पण मानी माणूस, त्याने ते गिळले.

पुढे रविवार विरत गेले. "राहू दे दादा, पुढच्या वेळी." मग तेही नाही. बोटभर धूळ बसली माझ्यावर.

मग एके दिवशी बेकरीवाल्याच्या बायकोने खोली झाडायला काढली. डबा खसाखसा घासून पुसला, तारा पुन्हा जोडल्या. पडदा उजळला आणि बेकरीवाला ओरडला, "अगं, काय केलंस?"

"मी कुठं काय केलं? घासताना ठिपका खरवडून निघाला. तार जिथं बसली तिथं घातली."

त्याने शर्यत लावून पाहिली. गाडी लोण्यावरून सुरी जावी तशी गेली. लगेच त्याने भावाला फोन लावला आणि ठिपक्याची सगळी गोष्ट सांगितली.

"दादा, मशीन विकलं रे मी. आपला खेळच मोडला, मग एकटा काय खेळू?" मग धाकट्याने विचारलं, "ठिपका मीच लावला होता ना?"

"तुझा ठिपका बरोबर होता रे. मीच त्याला धरून बसलो."

नुसत्या फोनवरची दोन वाक्यं तेवढ्यात संपली. फोन ठेवला.

संध्याकाळी बिस्किटांचा पुडा घेऊन तो शेठकडे जाऊन आला. शेठनी पुडा घेतला, पण नजर काही उचलली नाही. "घरी येऊन एकदा मागे डोकावलो असतो तर," एवढंच म्हणाले, असं तो बायकोला सांगत होता.

वाचणाऱ्यांनो, माझी एकच विनवणी. नवं माणूस असो की नवी वस्तू, काम नीट होत नाही असं वाटलं तर आवाज चढवण्याआधी एकदा वाकून मागची बाजू बघा. आम्हाला तोंड असतं, पण त्यात तार तुम्हीच घालायची असते.

आता रविवारी तो एकटाच खेळतो. शेवटची रेघ दिसली की गाडी थांबवतो आणि मागे वळून बघतो. मागचा रस्ता मी रंगवतो, खड्यान् खडा. त्यावर कुणी येत नाही, आणि तेही माझ्यामुळे अगदी स्वच्छ दिसतं.