तीन पानांची पालवी

मित्रांनो, पूर्वी मला भेटायचे तर गुडघ्यांवर बसावे लागायचे. मी एक जुना खुंट आहे. तेव्हा होतो संत्र्याच्या झाडाखालचा, मातीलगतचा, जेमतेम वीतभर उंचीचा. झाडाकडे बघताना माणसांची मान वर जाते, त्यामुळे माझी आणि त्यांची नजरानजर फारशी झालीच नाही.

माझी जात काटेरी लिंबाची. आमच्या एका देठाला तीन पाने येतात आणि फळ इतके कडू-आंबट की तोंडात घालवत नाही. पण थंडीला आम्ही भीत नाही. हिवाळा आला की पाने झटकून खुशाल झोपी जातो. काळ्या समुद्राकाठच्या या गुरिया मुलखात बर्फ कमरेइतका साचतो आणि संत्रे पडले नाजूक. म्हणून रोपवाटिकेतल्या बाईंनी माझा शेंडा उडवला, सालीला चीर दिली आणि तिच्यात संत्र्याच्या फांदीवरचा एक डोळा, म्हणजे न उमललेला अंकुर, बसवला. डोळा फुटला, वाढला. तेव्हापासून पाय माझे आणि डोके त्याचे.

वार्लामने लग्नाच्या वर्षी आम्हाला अंगणात लावले. वरच्याचे मग काय विचारता! नवीन वर्षाच्या टेबलावर त्याच्या संत्र्यांची परडी, पाहुण्यांच्या तोंडी त्याचेच कौतुक. या झाडाची मुळे किती चांगली आहेत असे कधी कोणी म्हणाले नाही. मला हेवा वाटायचा, खोटे कशाला बोलू? दर वसंतात मी बाजूने हळूच एक कोंब काढायचो. वार्लाम वाकायचा, अंगठ्याने तो खुडून टाकायचा आणि म्हणायचा, "गप बस रे खाली! तू वर आलास तर ह्याला उपाशी मारशील." मी वर्षभर फुगून बसायचो. पण माझ्याशी बोलणारा तो एकटाच होता.

वार्लाम गेला आणि त्याची बायको दारेजान मागे राहिली. तिचा जन्म चहाच्या मळ्यात पाने खुडण्यात गेला होता. अंगणातले झाड हे नवऱ्याचे काम. आता मात्र ती सकाळची कॉफी घेऊन झाडाखाली बसू लागली. "वार्लाम, त्या तांबड्या कोंबडीने पुन्हा ओतियाच्या कुंपणात अंडी घातली बघ. मेलीला घरचं काही गोड लागत नाही." ती वर पानांकडे बघून बोलायची. मी खाली ऐकायचो.

त्याच वर्षी हिवाळ्यात बर्फ पडला आणि मग आभाळ मोकळे होऊन कडाक्याची थंडी पडली. दारेजानने बांबूने फांद्या झोडून बर्फ पाडला, वार्लामचा जुना ओव्हरकोट फांद्यांवर टाकला, दुलईसुद्धा आणली. उपयोग झाला नाही. पाने तपकिरी झाली, पण गळेनात, तशीच लटकत राहिली. झाड वरून मेले की असेच होते.

बर्फ वितळल्यावर शेजारचा ओतिया करवत घेऊन आला.

"वहिनी, मनाची समजूत घाल. गेलं ते. कापून देतो, चुलीला तरी होईल."

"लाज नाही वाटत? जन्मभर ह्याची संत्रं खाल्लीस आणि आता चुलीत घालतोस?"

"मी एकट्याने कुठे खाल्ली? निम्मी तर तुझ्या सासूने फस्त केली!"

दारेजानला हसू आले, मग लगेच डोळे भरून आले. "चहाचा पहिला खुडा होऊ दे, ओतिया. पालवी नाहीच फुटली तर काप. माझ्याशी बोलायला एवढंच उरलंय."

मी खालून सगळा रस वर ढकलू लागलो. फांद्या कोरड्या ठाक. पण आम्ही दोघे जिथे जुळलो त्या जोडाच्या बोटभर वर, साचलेल्या बर्फानेच पांघरूण घातलेल्या जागी, वरच्याचा एक डोळा जिवंत होता. मोहरीएवढा. मला इतका आनंद झाला की जन्माचा हेवा मी विसरलो. त्याला फक्त वेळ हवा होता आणि माझा सगळा रस हवा होता. पण खुंटाला दम धरता येत नाही, मित्रांनो. वसंत आला की रस मिळेल तिथून फुटतो. माझ्या अंगातून हिरवेगार कोंब बाहेर पडले.

पहिला खुडा झाला. ओतिया आला, करवत कुठे लावायची ते बघायला वाकला आणि त्याला माझी तीन तीन पाने दिसली. ही संत्र्याची नव्हे, खुंटाची पालवी, हे त्याला कळले. त्या मोहरीएवढ्या डोळ्याकडे मात्र त्याचे लक्ष गेले नाही.

दारेजानची नजर अधू झाली होती. "काय दिसतंय? बोल ना मेल्या!"

ओतियाने तिच्या चेहऱ्याकडे पाहिले. "पालवी, वहिनी! फुटलंय तुझं झाड!"

ती तिथेच मातीत बसली आणि रडली. माझ्या पानांना तिने ओठ लावले. आयुष्यात पहिल्यांदा मला कोणी कुरवाळले, आणि ते प्रेम दुसऱ्याच्या नावाचे होते.

"राहू दे बिचारीला चार दिवस खूश," असे पुटपुटत ओतिया करवत घेऊन निघून गेला.

मी ओरडत होतो, खुडा मला! पण खुंटाला आवाज नसतो. दारेजान मला पाणी घाली, कोंबड्यांपासून राखी, वार्लामच्या गोष्टी सांगे. मी तरारून वाढत होतो. माझ्या सावलीत त्या डोळ्याने दोन रुंद पाने काढली, ती पिवळी पडली आणि सुकली.

उन्हाळ्याच्या शेवटी ती माझे कोंब काठीला बांधायला आली आणि तिच्या तळव्यात काटा घुसला. वार्लामच्या झाडाला काटे नव्हते. तिने एकेक पान बोटांनी चाचपले आणि कुंपणापलीकडे हाक मारली.

"ओतिया, हे काय आहे?"

त्याने टोपी काढली. "खुंट आहे, वहिनी."

"तुला तेव्हाच ठाऊक होतं?"

"होतं. तुझं तोंड बघून धीर नाही झाला."

तिने माझे कोंब बाजूला सारले, काटे लागत होते तरी सारले. बोटांना ती दोन सुकी पाने लागली. "अरे, ह्याचा डोळा जिवंत होता रे," ती म्हणाली.

तिने मला कापले नाही. वरचे वाळके खोड काढले आणि मला तसेच ठेवले. आज मी खिडकीइतका उंच आहे, सगळे ऊन माझे आहे. वसंतात मला पांढरी फुले येतात. दारेजान कॉफी घेऊन आता ओट्यावर बसते आणि एक शब्दही बोलत नाही.

मित्रांनो, थंडीनंतर पालवी दिसली की आनंद जरूर करा, पण आधी वाकून बघा, ती जोडाच्या वर फुटली आहे की खाली. खाली असेल तर बेलाशक खुडा. आम्हा खुंटांना दुखते. पण वर कोणीतरी असते.